वयाचे ठोके

पहिला ठोका पडला तेव्हा पत्रकांच्या निम्म्याच घड्या घालून झाल्या होत्या. दुसरा बऱ्याच वेळानं पडला, आणि पत्रकवालीचा हात कागदावरच थांबला.

चर्चमधली उपासनेची घंटा घाईघाईनं वाजते. एकेक ठोका असा सुटा पडला की मंडळीतलं कुणीतरी गेलं, आणि जितकं वय तितके ठोके. घंटा आधी वाजते, निरोप मागून येतो, अशीच इथली रीत आहे. हातातलं काम टाकून लोक मोजायला लागतात.

"माझी लेक एकोणतीसची आहे हो," ती म्हणाली.

"मोजू नका, वहिनी," शेजारची शिंपीणताई म्हणाली. पण तिचेही ओठ हलत होते.

लेक कालपासून शहरातल्या दवाखान्यात होती. पहिलं बाळंतपण, त्यात रक्त थांबेना. पत्रकवालीला रक्तदाबाचा त्रास, म्हणून काहीही झालं तरी आधी सासऱ्यांना फोन करायचा, असं जावयानं ठरवून टाकलं होतं. आणि सासरा म्हणजे पत्रकवालीचा नवरा, चर्चचा घंटेवाला. तीस वर्षं दोर त्याच्या हातात. बोलणं मात्र बेताचंच. स्वतःची आई गेली तेव्हाही तो घरी सांगायला आला नव्हता. त्यानं अठ्ठ्याहत्तर ठोके दिले होते, आणि बायकोला ते स्वयंपाकघरात उभ्या उभ्या कळलं होतं.

आज महिन्यातला पहिला शनिवार. पुरुष मंडळी चर्च धुऊन काढतात, बाकं पुसतात, उद्याच्या प्रभुभोजनाचे इवलेसे पेले घासून ठेवतात. इकडे घरी पत्रकवालीच्या टेबलावर महिन्याचं पत्रक तयार होतं: घरगुती प्रार्थना कुणाकडे, फुलांची पाळी कुणाची, वाढदिवस कुणाचे. वाढदिवस ती बाप्तिस्म्याच्या वहीतून उतरवून घेते. त्यामुळे सगळ्यांची खरी वयं तिला तोंडपाठ आहेत, आणि काही बायका तिच्याशी जरा जपूनच बोलतात.

"दहा," ती म्हणाली. अकरावा लगेच पडला. बाराव्याला उशीर झाला.

"ठोके सारखे पडत नाहीयेत, ताई. हात थरथरतोय ह्यांचा. परक्या माणसासाठी ह्यांचा हात कधी थरथरला नाही."

"अहो, भाऊंचा खांदा धरलाय ना? सकाळी तुम्हीच सांगत होतात."

खरंच होतं ते. सकाळपासून डावा खांदा भरून आला होता. तिनं मलम चोळून दिलं होतं आणि आज फरशी दुसऱ्या कुणाला धुऊ द्या, असं बजावलंही होतं. मग बादल्या कोण उचलणार, एवढंच तो म्हणाला आणि गेला. त्या दुखऱ्या खांद्याला धरून तिनं पुढचे चार ठोके काढले. पाचव्याला तो धीरही संपला.

एकवीस. एकविसाव्या वर्षी लेक नोकरीला लागली होती आणि पहिल्याच आठवड्यात छत्री हरवून आली होती. त्यावरून आपण तिला केवढं बोललो.

बावीस. तेवीस. तिच्या तळहातांना घाम सुटला, घडी घातलेलं पत्रक ओलं झालं. प्रार्थना करावी म्हणून तिनं डोळे मिटले. दुसऱ्या कुणाचं तरी असू दे, एवढंच तिला सुचत होतं. ही काही करण्यासारखी प्रार्थना नव्हती. तिनं केली.

"अठ्ठावीस," शिंपीणताई पुटपुटली.

एकोणतीस.

मग काहीच नाही. घड्याळाची टिकटिक ऐकू यायला लागली. पत्रकवालीनं टेबलाची कड घट्ट धरली. शिंपीणताईनं तिच्या पाठीवर हात ठेवला.

तिसावा ठोका पडला.

पत्रकवाली मटकन खुर्चीत बसली. मग एकतीस, बत्तीस, आणि पुढचे तिच्या कानावर आलेच नाहीत, कारण ती रडत होती. आपल्याला एवढं बरं वाटतंय याची तिला लाज वाटली. कुणाच्या तरी घरात आत्ता आकांत असणार. तरी बरं वाटायचं काही थांबेना.

फोन वाजला. जावई होता.

"आई, मुलगी झाली. दोघी ठीक आहेत. रक्त द्यावं लागलं, पण आता धोका नाही म्हणाले डॉक्टर. बाबांना अर्धा तास झाला फोन लावतोय, उचलतच नाहीत. म्हणून शेवटी तुम्हाला केला."

"कसे उचलतील? दोर आहे त्यांच्या हातात," ती म्हणाली. मग बाळाचं वजन किती, रंग कुणाचा, नाक कुणाचं, हे सगळं दोनदोनदा विचारून तिनं फोन ठेवला.

घंटा थांबली होती.

"ताई, मी आजी झाले. किती झाले हो ठोके?"

शिंपीणताईनं मोजणं सोडलं नव्हतं. "एकोणसाठ," ती हळूच म्हणाली.

"एकोणसाठ?" पत्रकवालीनं मनातल्या मनात वही चाळली. "पोस्टमास्तर सत्तावन्न. बेकरीवाल्याची बायको बासष्ट, सांगते चौपन्न. मग एकोणसाठचं कोण?"

शिंपीणताई खिडकीबाहेर बघत होती. चर्चच्या बाजूनं मंडळीचे पाळक चालत येत होते, भर उन्हात, बोडक्यानं, आणि त्यांच्या मागे खाली मान घालून दोघंजण. फाटकापाशी येऊन ते थांबले. शिंपीणताई उठली आणि पत्रकवालीला अगदी खेटून बसली.

खिडकीकडे पाठ करून बसलेल्या पत्रकवालीला हसू फुटलं. "अहो, एकोणसाठचे आपल्या मंडळीत एकटे हेच. लेकीच्या काळजीनं मोजायलाही चुकले बघा. येऊ देत घरी, चांगली फिरकी घेते त्यांची."