घोट्याचं माप

बायोमेडिकल इंजिनीअरिंगच्या एमटेकची फी उद्या भरायची होती, म्हणून शिष्यवृत्तीच्या मुलाखतीला दादरच्या एका ट्रस्टमध्ये गेले. टेबलावर बाबांचा कृत्रिम पाय ठेवला. त्याचा घोटा मी बनवला होता. त्यावर बाबा काळाचौकीच्या चाळीचे तीन जिने चढायचे. मागच्या महिन्यात ते गेले. घोट्याबद्दल कुणी काहीच विचारलं नाही. अध्यक्ष काजू चघळत म्हणाले, "म्हणजे तू डॉक्टर होणार!" "इंजिनीअर." "तेच ते. शिष्यवृत्ती पक्की समज. फक्त गुणगौरव समारंभात हा पाय मंचावर आणायचा. हार आम्ही घालू. तू थोडं रड. देणगीदार विरघळतात." चिटणिसांनी लगेच हारासाठी वितीने घोट्याचं माप घेतलं. मी पाय उचलून पिशवीत ठेवला. अध्यक्षांचा जबडा थांबला. "फी कोण भरणार तुझी? वर्ष फुकट जाईल, पोरी." "माझे बाबा गेले," मी म्हटलं. "वर्ष दुसरं येईल."