पिवळट नको

हॉलच्या रंगाबद्दल अण्णाप्पांचं एकच म्हणणं होतं. "पांढराशुभ्र पाहिजे. पिवळट चालणार न्हाय."

पेंटरनं भिंतीवर पांढऱ्याच्या पाच शेड मारून दाखवल्या. पाचही त्यांना पिवळट वाटल्या, सहावी पसंत पडली. पेंटरनं हळूच शांतव्वांकडं बघितलं.

"त्यास्नी पसंत हाय न्हवं, मग मारा की," शांतव्वा म्हणाल्या.

महिन्याभरानं अण्णाप्पांच्या दोन्ही डोळ्यांतले मोतीबिंदू काढले. घरी आले ते उंबऱ्यातच थांबले. "हॉल निळा कुणी केला गं?"

दोन वर्षं 'पिवळट राहिलाय' म्हणत नवऱ्यानं परत परत निळीत बुडवायला लावलेले पांढरे शर्ट शांतव्वांनी कपाटातून काढून समोर ठेवले.

 

एकूण एक शर्ट हॉलला मॅचिंग होता.