अक्कांनी भरलेल्या ओट्या
नरडाण्याच्या कारखान्यात कुणाला सातवा महिना लागला की पॅकिंगच्या बायका जेवणाच्या सुट्टीत तिची ओटी भरतात. पुढाकार सुनंदाअक्कांचा. आज मेघाची भरली. खोक्यांच्या आडोशाला पाट मांडला, मनगटात हिरवा चुडा चढला, पदरात तांदूळ, नारळ पडले. नेहमीप्रमाणे अक्कांनी ऑफिसने दिलेला कागद पुढे केला. "सही कर माय, रजेचा अर्ज शे. सहा महिना लेकरू खेळाड, मंग कामवर ये." मेघाने कागद वाचला आणि पेन तसंच हातात राहिलं. "अक्का, हा राजीनामा आहे! मी स्वखुशीने काम सोडते, असं लिहिलंय." ओटीचं गाणं अर्ध्यावर थांबलं. अक्कांना वाचता येत नव्हतं. "साहेब तं रजाच सांगे," म्हणत त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला. "अकरा जणींच्या सह्या मी घेतल्यात. एक बी परत फिरकनी नही, तं मी त्यास्लेच आळशी म्हने!"