यवतेश्वरच्या उतारावर

संयोगिताचे वडील गेल्यापासून त्यांची जुनी स्पोर्ट्स कार साताऱ्यात उभीच होती. तिचा जड ब्रेक संयोगिताला दाबवत नसे, म्हणून मलकापूरच्या जयराज मिस्त्रीनं बूस्टर बसवून दिला. दुपारी दोघं यवतेश्वरच्या घाटात गाडी चालवून बघायला गेली.

उतारावर प्रत्येक वळणाआधी गाडी अलगद मंदावत होती.

“ब्रेक लय हलका झालाय न्हवं, ताई?” शेजारी बसलेला जयराज खुशीत म्हणाला.

“मी अजून ब्रेकला पायच लावला नाही.”

पुढच्या वळणावर गाडी आपसूक थांबली. जयराज खाली वाकून पेडल चाचपू लागला. त्याला जागा व्हावी म्हणून संयोगिता उतरून रस्त्याच्या कडेला गेली.

“ताई, पाय काढा जरा,” तो वाकलेलाच म्हणाला. “माजी बोटं सापडली तुमच्या बुटाखाली.”