ओसारोचा जनरेटर

इकेजाच्या कॉम्प्युटर-बाजारात वीज गेली, तशी केव्हबेने शेजारच्या दुकानातल्या ओसारोच्या जनरेटरवरून वायर ओढली. खोक्याएवढ्या पीसीत तिने सगळे भाग कोंबून बसवले होते. बोर्डाचं फर्मवेअर तेवढं अपडेट व्हायचं होतं. मध्येच वीज तुटली की बोर्ड मेलाच, आणि गिऱ्हाईक तर समोरच बसलेलं.

"ओसारो, मी सांगेपर्यंत जनरेटरला हात लावू नकोस हं!"

"बहिणीचं काम ते, लावेन कसा?"

अपडेटची पट्टी निम्म्यावर आली आणि स्क्रीन काळी पडली. गिऱ्हाईक भडकून उठलं.

"मेला जनरेटर ऐन वेळी बंद पडला गं," ओसारो हळहळला. मग गिऱ्हाइकाकडे वळला, "या ओगा, या साहेब, तस्साच बोर्ड आहे माझ्याकडे."

केव्हबेने मान वर केली. घाम पुसणाऱ्या ओसारोच्या डोक्यावर पंखा गरगर फिरत होता.