काकांना मशीन पसंत पडत नाही

"चालवून बघितल्याशिवाय वेल्डिंग मशीन घेणार नाही," काका म्हणायचे आणि जोडायचं लोखंडही घरूनच आणायचे. दुकानाबाहेरच्या लोखंडी टेबलावर पहिल्यांदा त्यांनी दोन जाड पत्रे जोडले.

"रॉड लवकर पेटत नाही."

पुढच्या खेपेला त्याच पत्र्यांना दोन्ही बाजू लावल्या.

"ठिणग्या फार उडतात."

मग पत्र्याच्या पुढच्या कडेला लोखंडी दात बसवले.

"आवाज करतं हो."

गिऱ्हाईक तुटू नये म्हणून दुकानदार दर वेळी मुकाट्याने दुसरं मशीन काढून द्यायचा.

आज काका ट्रॅक्टर घेऊनच आले. त्या पत्र्यांच्या मागचे हुक तेवढे जोडले, हात झटकले. "नाही बुवा, एकही पसंत नाही!"

दुकानदाराच्या डोक्यात आत्ता उजेड पडला. ट्रॅक्टरच्या लोडरचं, माती उचलायचं अख्खं बकेट काकांनी त्याच्या दारात फुकट बनवून घेतलं होतं!

तोवर काका सीटवर चढलेही. त्यांनी बकेट लोडरला अडकवलं, दांडा ओढला. बकेट वर गेलं आणि त्याच्यापाठोपाठ टेबलही. घाईत शेवटचा जोड टेबलालाही बसला होता.

लोंबणाऱ्या टेबलाखालून दुकानदार गोड आवाजात म्हणाला, "काका, टेबल विकाऊ नाही. मशीन कोणतं बांधू?"