हवेचा रस्ता

"तेल तापलं त माणसावर संशय नको घेजो. आधी हवेचा रस्ता पाहाजो."

नवऱ्याचे, वासुदेवरावांचे, हे शब्द चंद्रकांताबाईंना शेडच्या दारात पुन्हा ऐकू आले. वासुदेवरावांना जाऊन अकरा महिने झाले होते. पण आज संशय घ्यावा असा माणूस समोरच उभा होता. संघपाल विमानाच्या नाकाशी होता. आत बसलेला मनिष काट्याकडे बघत होता आणि काटा लाल पट्टीत शिरला होता.

मनिषनं इंजिन बंद केलं. मोहाच्या झाडाला शेपटी बांधलेलं ते लहानसं विमान थरथरून शांत झालं.

"पाच मिनिटं नाही झाली, आन् तेल उकळून राहिलं," तो म्हणाला. "काटाच खोटा असन. नवा बसवतो. येत्या इतवारी उडवतो म्हणजे उडवतो."

विमान त्याच्या वडिलांनी बांधलेलं. वासुदेवराव चिखल्याच्या खाणीत हवेच्या पंख्यांवर फिटर होते. निवृत्त झाल्यावर आंधळगावबाहेरच्या बरडीवर त्यांनी टिनाची शेड घातली आणि सहा वर्षं तिच्यातच काढली. इंजिन एका जुन्या विदेशी गाडीचं, रोटरी. त्याला पिस्टन नाही, आत तिकोनी चाक फिरतं, आणि त्याची बरीचशी उष्णता तेलच वाहून नेतं. म्हणून नाकाखाली हवेचं तोंड, तिथून उतरती वाट, आणि तळाशी तेल थंड करणारी बारीक जाळी. तेल फार तापलं तर इंजिन आतून जातं. ते हवेत गेलं तर? मनिषनं नागपूरला उडायचं शिकून घेतलं होतं, परवानगीचा कागदही आला होता, पण या प्रश्नावर तो हसत असे.

दोन आठवड्यांपूर्वीपर्यंत काट्यानं हिरवी पट्टी कधी सोडली नव्हती. आणि दोन आठवड्यांपूर्वीच चंद्रकांताबाईंनी शेडला कुलूप घातलं होतं.

संघपाल हा वासुदेवरावांचा खाणीतला जोडीदार. ते गेल्यावरही तो रोज संध्याकाळी सायकलनं यायचा. एकटाच शेडमध्ये शिरायचा. अर्ध्या तासानं बाहेर पडायचा तेव्हा हातात कागदाची पुडी असायची. काय नेतोस म्हणून विचारावं, तर तो आधीच सायकलवर. चंद्रकांताबाईंनी महिनाभर पाहिलं. मग एका सोमवारी दिवा लावून झाल्यावर कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. त्या संध्याकाळी संघपालनं कुलूप बघितलं, "बरं केलं, वहिनी," म्हणाला, आणि सायकल वळवली.

बरं केलं म्हणणाऱ्याच्या मनात काय असतं, कोणी पाहिलंय? पुढच्या रविवारी मनिषसोबत तेल त्यानंच भरलं. काटा हिरव्या पट्टीच्या काठाला गेला. आज तर लाल.

कुलूप लागल्यापासून शेडमध्ये एकट्यानं जाणाऱ्या फक्त चंद्रकांताबाई. इंजिन बसलं त्या दसऱ्यापासून त्यांचा नेम होता. पहाटे आंघोळ करून, पाण्याचा घोटही न घेता, मूठभर झेंडूच्या पाकळ्या आणि चिमूटभर अक्षता विमानाला वाहायच्या. लेक उडून सुखरूप उतरेपर्यंत. संघपाल प्रसाद दोन्ही हातांनी घ्यायचा, पण पूजेला हात जोडत नसे. "आमच्यात नाही जोडत, वहिनी," त्यानं एकदा सरळ सांगितलं होतं. ते त्यांच्या मनात कुठेतरी राहून गेलं होतं.

मनिष नव्या काट्यासाठी मोटरसायकल काढून भंडाऱ्याला गेला. चंद्रकांताबाई संघपालसमोर येऊन उभ्या राहिल्या. आवाज चढवणं त्यांना कधी जमलं नव्हतं.

"त्या पुडीत काय नेत होते तुमी?"

संघपालनं बाजूचं पोतं उचललं.

"माझं पोरगं बसणार हाये याच्यात. राग माझ्यावर असन त मले बोला, भाऊ. तेलावर नका काढू."

पोतं अंथरून तो विमानाच्या नाकाखाली उताणा झोपला. चार स्क्रू फिरवले आणि तळाचं झाकण ओढलं.

त्याच्या छातीवर पाकळ्या पडल्या. काळ्या पडलेल्या, सुकलेल्या, आणि वरच्या थरातल्या आज सकाळच्या. मागून तांदूळ सांडले. जाळीच्या फटीफटीत दाणे रुतले होते. संघपालनं खिशातून सायकलच्या चाकाचा आरा काढला आणि एकेक दाणा टोकरू लागला.

चंद्रकांताबाईंनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. नैवेद्य तोंडात द्यायचा, एवढंच त्यांना ठाऊक होतं. मूठ सोडली की पाकळ्या त्या उतरत्या वाटेनं आत घसरायच्या. त्यांना वाटायचं, देवानं घेतलं.

"सांगितलं काहून नाही?"

"वासुदेवभाऊ रोज स्वतः काढे. दवाखान्यात मले म्हणे, तिचा नेम मोडू नको, तू काढत जाजो." त्याचा हात थांबला नव्हता. "आज चाबी मांगणारच होतो. नसती देली, त मंग सांगावंच लागलं असतं."

जाळी मोकळी झाली तेव्हा ऊन शेडच्या उंबऱ्यावर आलं होतं. संघपालनं जमिनीवर पडलेली एकेक पाकळी वेचून कागदावर घेतली. पुडी रोजच्यापेक्षा मोठी झाली.

"उद्यापासून चाकाशी वाहीन," चंद्रकांताबाई म्हणाल्या. मग कमरेची किल्ली काढून पुढे केली. प्रसाद घ्यावा तशी त्यानं ती दोन्ही हातांनी घेतली.

"आन् हे रोज कुठं नेत होते?"

"बोडीत सोडत होतो, पाण्यात. भाऊले शब्द देला होता, वहिनीच्या फुलाले कोणाचा पाय लागू देणार नाही."

किल्ली खिशात टाकून, पुडी ओंजळीत धरून, सायकल तिथंच ठेवून तो बोडीच्या वाटेनं पायी निघाला.